भूत, कोडं आणि ‘हो, आणि...’

हॅलोविनच्या रात्री ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असं ओरडलं की चॉकलेट मिळतं, हे आपल्याला हॉलिवूडच्या सिनेमांनी शिकवलंय. पण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात नुसतं ओरडून भागत नाही. तिथे दारात उभा राहिलेला छोटा ड्रॅक्युला पिशवी पुढे करतो, तेव्हा घरातली आजी चॉकलेटचा वाडगा मागे घेते आणि म्हणते, ‘आधी जोक सांग!’ हा जोक म्हणजे बहुतेक वेळा एक कोडंच असतं. सांगाडा पार्टीला का गेला नाही? कारण त्याच्यासोबत जायला ‘नोबडी’ नव्हतं! सलग म्हटलं तर ‘कुणीच नाही’ आणि मधे तोडलं तर ‘शरीरच नाही’. आजी कपाळाला हात लावते, हसते आणि चॉकलेट देते.

या जोकचा दर्जा काय, असं विचारू नका. तो वाईट असणं हीच त्याची खासियत आहे. वर्षानुवर्षं हेच जोक, हीच दारं आणि तोच कपाळावरचा हात. पण समजा, पाठ करून आणलेलं कोडं चालणारच नाही असं ठरलं तर? कोडं समोरच्यानं घालायचं, विषय तिसऱ्यानंच द्यायचा आणि तुम्ही स्टेजवर उभं राहून पाच सेकंदांत उत्तर द्यायचं. तेही शंभर अनोळखी माणसांसमोर. सध्या शिकागो, न्यूयॉर्क, लंडनसारख्या शहरांत ऑक्टोबर उजाडला की इम्प्रोव्ह कॉमेडीवाल्यांचे हॅलोविन स्पेशल शो लागतात, त्यात साधारण हेच चालतं. हातात स्क्रिप्ट नाही, पाठांतर नाही. आहे ती फक्त भुताची टोपी आणि प्रेक्षकांतून आलेला एखादा शब्द.

स्टँडअप आपल्याला आता चांगलंच ओळखीचं झालंय. इम्प्रोव्ह मात्र वेगळं प्रकरण आहे. स्टँडअपवाला तोच सेट पन्नास ओपन माइकमध्ये घासून आणतो. इम्प्रोव्हवाल्याकडे घासायला काही नसतंच. आज जे घडलं ते आजच संपतं. म्हणूनच त्यात कोडी आणि भुतं आली की काय मजा होते, हे जरा उलगडून बघूया.

आधी थोडं भूतकाळात जाऊ

हॅलोविनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या ‘सावन’ या सणात सांगितली जातात. सुगी संपून हिवाळा लागताना, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, जिवंत आणि मेलेल्यांच्या जगामधलं दार किलकिलं होतं अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती परंपरेतला १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस त्याला येऊन चिकटले. वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात, तो हाच दिवस. म्हणजे हॅलोविनचं चॉकलेट आपल्याकडे मॉलमधून आलं असलं, तरी त्याचा धाकटा, शांत भाऊ आपल्याकडे फार आधीपासून राहतोय.

स्कॉटलंडमध्ये मुलं वेष बदलून दारोदार फिरायची, त्याला ‘गायझिंग’ म्हणतात. त्यातली अट महत्त्वाची आहे. फुकट काही मिळायचं नाही. गाणं म्हणा, कविता म्हणा, नक्कल करा, जोक सांगा, मग सफरचंद नाहीतर सुकामेवा घ्या. सेंट लुईसच्या आजीची अट या जुन्या अटीशी नातं सांगते.

अमेरिकेत मात्र मधल्या काळात ही अट सुटली आणि ‘ट्रिक’वरच जोर आला. १९३०च्या दशकात, आर्थिक मंदीच्या काळात, हॅलोविनची रात्र म्हणजे पोलिसांची डोकेदुखी झाली होती. खिडक्या फोडायच्या, गाड्यांच्या टायरमधली हवा सोडायची, कुंपणं उखडायची. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरानं यावर एक भारी उपाय काढला. ३० ऑक्टोबरची वेगळी ‘बेगर्स नाइट’ ठरवली आणि मुलांना सांगितलं की खाऊ मिळेल, पण तो कमवावा लागेल. गाणं, कविता, कसरत, काहीही करून दाखवा. तिथल्या मुलांची जोक पाठ करून दारात जायची सवय तेव्हापासूनची.

आता योगायोग बघा. साधारण त्याच काळात, १९३०च्या दशकाच्या शेवटी, शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन नावाची बाई सरकारी मनोरंजन प्रकल्पात काम करत होती. तिच्यासमोर स्थलांतरित कुटुंबांतली मुलं होती. कुणी इटालियन बोलणारं, कुणी आणखी कुठली भाषा बोलणारं. नाटकाची संहिता वाचायला दिली तर निम्म्यांना कळायचीच नाही. मग स्पोलिननं संहिता बाजूला ठेवली आणि खेळ शोधले. नेव्हा बॉइड या आपल्या गुरूकडून ती हल हाउस या समाजसेवी संस्थेत खेळांचं शास्त्र शिकली होती. ‘असा अभिनय कर’ असं सांगण्याऐवजी ती खेळाचा नियम सांगायची आणि त्या नियमातून अभिनय आपोआप बाहेर यायचा. हे सगळे खेळ पुढे १९६३ साली तिच्या पुस्तकात आले. आज जगभरातले इम्प्रोव्ह वर्ग कमी-जास्त प्रमाणात त्यातूनच निघालेत.

म्हणजे एकीकडे खिडक्या फोडणारी मुलं आणि दुसरीकडे भाषा न येणारी मुलं. दोन्ही ठिकाणी मोठ्यांनी काय केलं? पोरांच्या हातात एक खेळ दिला आणि म्हटलं, आता काहीतरी करून दाखवा. हॅलोविन आणि इम्प्रोव्ह एकमेकांना इतके का मानवतात, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

स्पोलिनच्या मुलानं, पॉल सिल्सनं, मित्रांबरोबर १९५५ साली ‘कंपास प्लेयर्स’ सुरू केलं आणि १९५९च्या डिसेंबरमध्ये ‘द सेकंड सिटी’. बिल मरे, स्टीव्ह करेल, टिना फे, स्टीफन कोलबेर ही सगळी मंडळी त्याच शाळेतली. तिकडे कॅनडातल्या कॅलगरीमध्ये कीथ जॉनस्टन यांनी १९७७ साली ‘थिएटरस्पोर्ट्स’ काढलं. दोन टीम, परीक्षक, गुण आणि आरडाओरडा करणारे प्रेक्षक. ही कल्पना त्यांना कुस्तीच्या शोवरून सुचली होती! टीव्हीवर हे सगळं पोचवलं ते ‘हूज लाइन इज इट एनीवे?’नं. १९८८ साली ब्रिटिश रेडिओवर, मग लगेच टीव्हीवर आणि १९९८ पासून अमेरिकेत.

कोडं मागून पुढे बांधतात

आता मुद्द्यावर येऊ. पाच सेकंदांत कोड्याचं उत्तर सुचतं कसं?

इम्प्रोव्हमध्ये एक खेळ आहे, त्याचं नावच ‘१८५’. साचा ठरलेला असतो. ‘१८५ अमुक-तमुक एका बारमध्ये शिरतात. बारवाला म्हणतो, सॉरी, इथे तुम्हाला सर्व्ह करत नाही. ते म्हणतात...’ अमुक-तमुकच्या जागी काय यायचं ते प्रेक्षक ओरडून सांगतात आणि कॉमेडियन एकेक करून पुढे येतात. हॅलोविनला अर्थातच भुतं, चेटकिणी, व्हॅम्पायर, भोपळे. आपण मराठीत खेळून बघू.

१८५ भुतं एका हॉटेलात शिरतात. मॅनेजर म्हणतो, सॉरी, इथे भुतांना सर्व्ह करत नाही. भुतं म्हणतात, ‘हरकत नाही, आम्ही उपाशीच मेलोय.’

१८५ मुंजे हॉटेलात शिरतात. मॅनेजर म्हणतो, आत जागा नाही. मुंजे म्हणतात, ‘चालेल, आम्ही पारावर बसतो.’

हसू आलं नाही तरी चालेल. कण्हलात तरी पुरे. या खेळात प्रेक्षकांचं कण्हणं हीसुद्धा टाळीच असते.

यातली गोम अशी की कॉमेडियन प्रश्नाकडून उत्तराकडे जात नाही. तो उलटा येतो, हडळीच्या पायांसारखा. ‘भूत’ शब्द कानावर पडला की डोक्यात भराभर यादी होते. भुताशी जोडलेली क्रियापदं कुठली? लागणं, उतरणं, झपाटणं, दिसणं, अंगात येणं. मग यातल्या कुठल्या शब्दाला दुसरा अर्थ आहे? ‘लागणं’ तर सोन्याची खाण आहे. भूत लागतं, नंबर लागतो, नोकरी लागते, ठेच लागते. झालं, उत्तर हातात आलं. आता फक्त त्याच्या पुढे प्रश्न चिकटवायचा. भुताला प्लेसमेंटचं टेन्शन का नसतं? कारण ते कुठेही लागू शकतं!

‘उतरणं’ घ्या. भूत गर्दीच्या वेळी विरार लोकलनं का जात नाही? कारण मांत्रिक सोबत असला, तरी तिथे कुणालाही दादरला उतरता येत नाही. ‘झपाटणं’ घ्या. भुतं टॉपर का येतात? झपाटून अभ्यास करतात. ‘दिसणं’ घ्या. भुताची अटेंडन्स नेहमी कमी का? बिचारं हजर असतं, पण सरांना दिसत नाही.

बघा, यातला एकही जोक इंग्रजीत जाणार नाही. ‘नोबडी’वाला सांगाडा जसा मराठीत येताना धडपडतो, तसंच. शाब्दिक कोडं भाषेच्या हाडांना चिकटलेलं असतं. म्हणून परदेशी शोमधले जोक उचलून आपल्या कॉलेजच्या स्टेजवर टाकले की ते मेल्यासारखे पडतात. खेळाचा नियम मात्र आरामात प्रवास करतो. स्पोलिनला हेच तर उमगलं होतं.

हुशार होऊ नका!

शाब्दिक कोट्या हा झाला एक भाग. अख्खा तासाभराचा शो त्यावर चालत नाही. त्यासाठी इतर खेळ असतात आणि त्यातले बरेचसे मुळात कोडीच असतात.

‘तीन डोक्यांचा तज्ज्ञ’ हा माझा आवडता. तीन जण खांद्याला खांदा लावून एकच माणूस होतात, हॅलोविनला तीन डोक्यांचा राक्षस. प्रेक्षक कोडं घालतात आणि राक्षसानं उत्तर द्यायचं असतं, पण प्रत्येक डोक्यानं एका वेळी एकच शब्द बोलायचा. पहिला म्हणतो ‘कारण’, दुसरा ‘माझी’, तिसरा ‘आत्या’... संपलं! पहिल्याच्या डोक्यात जे भारी उत्तर तयार होतं, त्यात आत्या कुठेच नव्हती. आता काय करायचं? ओढूनताणून आपल्या उत्तराकडे गाडी वळवायची, की आत्या आली म्हणून आनंदानं आत्याच्या मागे जायचं?

इम्प्रोव्हचा सगळ्यात गाजलेला नियम इथे कामी येतो. ‘हो, आणि...’ समोरच्यानं जे मांडलं ते आधी मान्य करा, मग त्यात आपलं काहीतरी घाला. ‘नाही, ते तसं नाही’ म्हटलं की सीन तिथेच मरतो. त्याच्या जोडीला कीथ जॉनस्टन आणखी एक गोष्ट शिकवायचे आणि ती ऐकायला विचित्र वाटते. ओरिजिनल व्हायचा प्रयत्न करू नका, तुम्हाला अगदी उघड दिसतंय तेच बोला. कारण तुम्हाला जे उघड वाटतं ते शेजारच्याला वाटत नाही. तुमचं ‘साधं’ उत्तर हेच तुमचं वेगळेपण. जो हुशार दिसायला जातो, तो थोडा वेळ थांबून विचार करतो आणि प्रेक्षकांना तो विचार करताना दिसतो. मग मजा गेली.

दुसरा खेळ ‘हूज लाइन’मुळे जगभर माहीत झालेला, ‘पार्टी क्वर्क्स’. एक यजमान, तीन पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला एक विचित्र ओळख दिलेली असते, ती प्रेक्षकांना माहीत असते, पाहुण्याला माहीत असते, फक्त यजमानाला नसते. आपण मराठीत खेळलो तर पहिला पाहुणा अंधाराला घाबरणारा ब्रह्मराक्षस असेल, दुसरी ममी आणि तिच्या पट्ट्या सुटत चालल्यात. यजमानानं त्यांच्याशी गप्पा मारता मारता ओळखायचं. इथे माणूसच कोडं असतं. गंमत म्हणजे यजमानानं पहिल्या मिनिटात बरोबर ओळखलं तर प्रेक्षक नाराज होतात. तो चुकत राहिला, पण मनापासून ऐकत राहिला, तर हास्याचा पाऊस पडतो.

शाळा-कॉलेजात बरोबर उत्तराला मार्क असतात. इथे मार्क शोधण्याला आहेत. सीईटी-नीटच्या चक्रातून आलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. चार पर्याय, एक बरोबर, नीटमध्ये तर चुकलं की निगेटिव्ह मार्किंग. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही अनेकांचा हात वर जात नाही, तो याच सवयीमुळे. इम्प्रोव्हमध्ये निगेटिव्ह मार्किंग फक्त गप्प बसण्याला आहे.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. २०१६ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉमेडियन्सना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून कार्टूनला मथळे सुचवायला सांगितले. सोबत नवशिके इम्प्रोव्ह कलाकार होते आणि तुमच्याआमच्यासारखे साधे लोकही. अनुभवी कलाकारांच्या मेंदूत, कानाच्या वरच्या बाजूला जिथे आठवणी आणि अर्थ यांच्या जोडण्या होतात, तिथे जास्त हालचाल दिसली. मुद्दाम ठरवून शोध घेण्याशी संबंधित कपाळामागचा भाग मात्र नवशिक्यांच्या तुलनेत कमी राबत होता. सोप्या भाषेत सांगायचं तर मुरलेले लोक जोक ‘शोधत’ नाहीत, तो वर तरंगत येईपर्यंत अडवत नाहीत. आणि हे जन्मजात नसतं, सरावानं येतं.

कवटीची गोष्ट

हॅलोविन आणि इम्प्रोव्हची गोष्ट चाललीय, तर डेल क्लोजच्या कवटीला टाळून चालणार नाही.

डेल क्लोज हे शिकागोच्या इम्प्रोव्हचे मोठे गुरू. १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या ‘द कमिटी’ या ग्रुपनं ‘हॅरल्ड’ नावाचा लांब फॉर्म सुरू केला. पुढे शार्ना हॅल्पर्नसोबत क्लोज यांनी शिकागोत तो घडवला, वाढवला. प्रेक्षकांकडून एकच शब्द घ्यायचा आणि त्यावर अर्धा तास एकमेकांत गुंतत जाणारे सीन करायचे. तीन वेगळ्या गोष्टी सुरू होतात, त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही आणि शेवटाकडे येताना त्या अचानक एकमेकींत शिरतात. ‘पहिल्या सीनमधली हरवलेली चप्पल तिसऱ्या सीनमधल्या भुताची होती तर!’ असं प्रेक्षक स्वतःच ओळखतात. म्हणजे अख्खा शोच एक कोडं, जे रचताना रचणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं.

क्लोज १९९९च्या मार्चमध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझी कवटी शिकागोच्या गुडमन थिएटरला द्या, ‘हॅम्लेट’मधल्या यॉरिकच्या भूमिकेसाठी. यॉरिक म्हणजे राजवाड्यातला मेलेला विदूषक. त्याची कवटी हातात घेऊन हॅम्लेट बोलतो. मेल्यावरही स्टेजवर काम मिळवायची ही आयडिया! हॅल्पर्न यांनी एक कवटी थिएटरला रीतसर सुपूर्द केली. काही वर्षं सगळे भारावले होते. मग पत्रकारांनी खोदायला सुरुवात केली आणि २००६ साली हॅल्पर्न यांनी कबूल केलं की ती कवटी डेलची नव्हती. खरी मिळवणं जमलं नाही, म्हणून त्यांनी दुसरी विकत आणली होती.

चिडायचं की हसायचं? विचार करा. मित्रानं जाता जाता एक अशक्य सजेशन दिली. तिनं ‘नाही’ म्हटलं नाही. ‘हो, आणि...’ म्हटलं.

आपल्याकडचं भूत तर कोडीच घालतं

हे सगळं वाचून ‘हे तिकडचं’ असं वाटत असेल, तर जरा पिंपळाकडे बघा. जगात कोडी घालणारं सगळ्यात प्रसिद्ध भूत कुठलं? आपला वेताळ! अकराव्या शतकात सोमदेवानं ‘कथासरित्सागर’मध्ये या गोष्टी गुंफल्या आणि मराठीत ‘वेताळपंचविशी’ म्हणून त्या घराघरांत पोचल्या. राजाच्या खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं आणि शेवटी प्रश्न विचारतं. अट कसली भन्नाट आहे बघा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. स्टेजवर उभ्या असलेल्या इम्प्रोव्हवाल्याची अवस्था याहून नेमकी कुणी सांगितली नसेल. गप्प बसलात तर मेलात. बोललात तर पुढचा प्रश्न तयार.

प्रश्नाला जागच्या जागी उत्तर द्यायची तर आपल्याकडे रीतसर परंपरा आहे. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत एका बाजूचा शाहीर भेदिक लावणीतून कूटप्रश्न टाकायचा आणि दुसऱ्या बाजूनं त्याचं उत्तर काव्यातच द्यायचं. तमाशातली बतावणी आणि वग तर मोठ्या प्रमाणात सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर उभे असायचे. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा दादा कोंडके संहितेबाहेर जाऊन त्या त्या दिवसाच्या ताज्या घडामोडींवर काय बोलतील हे ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. लग्नातला उखाणा घ्या. त्या शब्दाचा एक अर्थ कोडं असाही आहे. सगळे वाट बघतायत, नवरीला ऐनवेळी सुचत नाही आणि मागून मावशी कुजबुजते. ते ‘पार्टी क्वर्क्स’हून कमी आहे का?

आजच्या काळात कनीझ सुरका, कनन गिल, केनी सबॅस्टियन, अबिश मॅथ्यू यांच्या ‘द इम्प्रोव्हायझर्स’नं भारतीय प्रेक्षकांना इम्प्रोव्हची चव लावली. तो मामला बराचसा इंग्रजीतला. मराठीत ही जागा अजून मोकळीच म्हणायची. ‘लागणं’ आणि ‘उतरणं’सारखी क्रियापदं खिशात असताना ती मोकळी राहावी, हे काही बरोबर नाही.

हसायचं कुणावर?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेतला टोकदार टोपीवाल्या चेटकिणीचा जोक आता बराच निरुपद्रवी झालाय. तिकडचे चेटकिणींचे खटले तीनशे वर्षांमागे गेलेत. आपल्याकडे मात्र बाईला चेटकीण, डाकीण ठरवून छळणं हा भूतकाळ झालेला नाही. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. ‘अंगात आलंय’ म्हणून आजारी माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणारी घरं आजही आहेत.

याचा अर्थ भुतांवर जोक करू नयेत असा मुळीच नाही. उलट जरूर करावेत. भीती ज्या गोष्टीतून येते तिच्यावर हसता आलं की तिची पकड सैल होते. २०१० साली पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी हसण्याबद्दल एक सिद्धांत मांडला. काहीतरी चुकतंय, मोडतंय असं वाटलं पाहिजे आणि त्याच क्षणी ते निर्धोक आहे हेही वाटलं पाहिजे, तेव्हा हसू फुटतं. भीती आणि हसू शेजारी-शेजारी राहतात ते असे. म्हणून प्रश्न एवढाच की ‘निर्धोक’ कुणासाठी? जोक भुतावर असेल, मांत्रिकावर असेल, आपल्या स्वतःच्या घाबरटपणावर असेल, तर धमाल. तो झाडाखाली मार खाणाऱ्या बाईवर असेल, तर ते निर्धोक राहत नाही. स्क्रिप्ट असली की हे आधी तपासता येतं. इम्प्रोव्हमध्ये तपासायला वेळ नसतो, म्हणून सीन सुरू व्हायच्या आधीच मनात रेघ स्पष्ट हवी. चांगले ग्रुप प्रॅक्टिसलाच एकमेकांना सांगून ठेवतात की या विषयावर मला खेळायचं नाही. मग स्टेजवर कुणी चुकून तिकडे वळला, तर जोडीदार सीन दुसरीकडे नेतो.

कट्ट्यावर करून बघा

यासाठी थिएटर, लायटिंग, भाड्याचे कॉस्च्युम काही लागत नाही. पाच-सहा जण आणि अर्धा तास पुरे.

पहिला खेळ, उलटं कोडं. एकानं कुठलंही भूत सांगायचं, समजा हडळ. बाकीच्यांनी तीस सेकंदांत तिच्याशी जोडलेले दहा शब्द मोठ्यानं म्हणायचे. मग त्यातला दोन अर्थांचा शब्द पकडून आधी उत्तर, नंतर प्रश्न. वाईट जोकला सगळ्यांनी मिळून मोठ्यानं कण्हायचं. हे कण्हणं सक्तीचं, कारण त्यानंच भीड चेपते.

दुसरा खेळ, तीन डोक्यांचा वेताळ. इथे प्रश्न आपण विचारायचे, उत्तर वेताळानं द्यायचं, प्रत्येक डोक्याचा एकच शब्द. प्रश्न खरेखुरे असू देत. ‘कॅन्टीनच्या चहात नक्की काय असतं?’ ‘माझा प्रोजेक्ट पार्टनर कुठे गायब झाला?’ अट एकच, वाक्य पूर्ण झालं पाहिजे.

तिसरा, भुतांचा इंटरव्ह्यू. उमेदवाराला आपण कुठलं भूत आहोत हे माहीत नाही, मुलाखत घेणाऱ्यांना माहीत आहे. ‘तुमच्या सीव्हीत दोनशे वर्षांची गॅप दिसतेय...’ इथून सुरुवात करा. उमेदवारानं ‘हो, आणि...’ म्हणत उत्तर द्यायचं आणि हळूहळू स्वतःला ओळखायचं.

तिन्ही खेळांत कुणीतरी मधेच ब्लँक होईल. हमखास होईल. तेव्हा बाकीच्यांनी वाट बघत बसायचं नाही, पटकन आत शिरून त्याला सावरायचं. इम्प्रोव्हमधला खरा धडा हाच आहे. तुमचं काम स्वतः भारी दिसणं नाही, शेजारचा भारी दिसेल असं करणं. सगळ्यांनीच ते केलं तर कुणीच पडत नाही.

आणि वेताळाच्या गोष्टीचा शेवट आठवतोय? एकापाठोपाठ एक कोड्यांची बरोबर उत्तरं देऊनही राजाला वेताळ काही मिळत नाही, प्रत्येक वेळी तो झाडावर परत जातो. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला येतच नाही. तो खरोखर अडतो, तरी चालत राहतो. तेव्हा कुठे वेताळ खूश होतो आणि त्याच्या बाजूनं उभा राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी प्रश्न समोर आला आणि उत्तर सुचलं नाही, तर घाबरू नका. चालत राहा. भूत खांद्यावर आहे तोवर गोष्ट सुरूच आहे.